मूळ कथा आणि तिच्यावर उगवलेल्या कथा

घरात दोन पिढ्या एकत्र जेवायला बसल्या की हल्ली एक तक्रार हमखास ऐकू येते. मुले जपानी चित्रमालिका पाहतात. त्यांना ॲनिमे असे नाव आहे. केवळ पाहून त्यांचे समाधान होत नाही. त्या मालिकांतील पात्रे घेऊन ती स्वतःच्या कथा रचतात, वह्यांत लिहितात, संगणकावर टंकतात, एकमेकांना वाचायला देतात. अशा लेखनाला फॅन फिक्शन म्हणण्याचा प्रघात आहे. आपण त्याला रसिकांचे लेखन म्हणू. यावर वडीलधाऱ्यांचा प्रश्न असा की, दुसऱ्याची पात्रे उचलून लिहिण्यात लेखन ते कसले?

हा प्रश्न आम्हाला हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. पण त्याचे उत्तर देऊ लागले की कोल्हापूरकरास आधी स्वतःच्या पुस्तकांच्या कपाटाकडे पाहावे लागते. वि. स. खांडेकर या गावी राहत असताना १९५९ साली त्यांची 'ययाति' प्रसिद्ध झाली. आजऱ्याचे शिवाजी सावंत येथे शिक्षक असताना १९६७ साली 'मृत्युंजय' आली. कोवाडच्या रणजित देसाईंनी त्याच कर्णावर 'राधेय' लिहिली. या तिन्ही ग्रंथांतील प्रमुख पात्रे व्यासांकडून घेतलेली आहेत. तेव्हा उसनवारी हा दोष मानला तर आपल्या साहित्यातला मोठा भाग त्या दोषात सापडेल. खरा विचार करण्याजोगा प्रश्न निराळाच आहे. एकाच मूळ कथेवर एका विशिष्ट जातीचेच लेखन का होते, आणि दुसऱ्या कथेवर दुसऱ्या जातीचे का होते?

आमचे उत्तर थोडक्यात असे : मूळ कथा जे सांगते त्यापेक्षा ती जे सांगायचे ठेवते, त्यावरून पुढच्या लेखनाचे रूप ठरते. शेतात पाणी जसे सखल जागी जाऊन थांबते, तशी रसिकांची कल्पना कथेतील मोकळ्या जागी जाऊन थांबते.

रामायण घेऊ. ही कथा बांधेसूद आहे. राम कोण, त्याने काय केले, का केले, हे पहिल्यापासून स्पष्ट आहे. घटना बदलण्यास तेथे वाव थोडा. म्हणून कवींची प्रतिभा कथा सांगण्याच्या रीतीकडे वळली. मोरोपंतांचा जन्म १७२९ सालचा, आपल्या पन्हाळ्यावरचा. त्यांच्या नावावर १०८ रामायणे सांगितली जातात. त्यांतील 'निरोष्ठ रामायणा'त ओठ जुळवून उच्चारावयाची अक्षरे वर्ज्य आहेत. 'म' हे अक्षरच वर्ज्य म्हटल्यावर ज्याची कथा सांगायची त्या रामाचे नावही घेता येत नाही! कथा तीच, नवलाई सगळी रचनेत.

'गीतरामायणा'कडे पाहावे. पुणे आकाशवाणीवर १९५५ साली त्याचा आरंभ झाला. गीते ५६, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, स्वर कोल्हापुरात जन्मलेल्या सुधीर फडक्यांचे. येथेही प्रसंग मोडलेले नाहीत. त्या त्या प्रसंगी उभ्या असलेल्या पात्राला गाता केले आहे. परंतु याच रामायणात एक जागा अशी आहे की जिथे ऐकणाऱ्याचे मन अडखळते. ती म्हणजे सीतेचा त्याग. आपल्या बायकांनी जात्यावर बसून ओव्या गायिल्या, त्यांत सीतेच्या वनवासाला फार मोठे स्थान आहे. ग्रंथ जिथे पुढे सरकला तिथे त्या थांबल्या, आणि सीतेच्या दुःखाला त्यांनी आपले सासर-माहेर जोडले. रसिकांचे लेखन म्हणतात ते हेच. फरक इतकाच की त्याला वही नव्हती.

महाभारताची गोष्ट वेगळी. तेथे माणसांची दाटी आहे. एकेक माणूस येतो, एखादे मोठे कृत्य करतो आणि गर्दीत नाहीसा होतो. त्याच्या मनात काय चालले होते हे सांगायला व्यासांना सवड नाही. म्हणून महाभारतावर मराठीत आत्मकथनाच्या कादंबऱ्या झाल्या. 'मृत्युंजया'त कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण अशी सहा पात्रे आपापल्या तोंडाने बोलतात. कर्णाच्या पत्नीविषयी महाभारत जवळजवळ मौन पाळते. कादंबरीकाराने त्या मौनातून वृषाली उभी केली.

यातही एक भेद ध्यानात घ्यावा. कर्ण हा मुख्य कथेचा खांब आहे. सतराव्या दिवशी तो पडलाच पाहिजे, नाही तर युद्धाचा निकाल बदलेल. त्यामुळे सावंतांना घटना जपाव्या लागल्या आणि नवेपण पात्रांच्या अंतःकरणात शोधावे लागले. ययाति हे मात्र उपाख्यान आहे. ते हलविले तरी मुख्य इमारतीला धक्का लागत नाही. म्हणून खांडेकरांना अधिक मोकळीक मिळाली. मूळ कथेत कच संजीवनी विद्या घेऊन देवलोकी जातो आणि पुढे दिसत नाही. खांडेकरांनी त्याला परत आणला आणि भोगी ययातीसमोर संयमाचे माप म्हणून उभा केला. मूळचा ययाति मुलाचे तारुण्य हजार वर्षे भोगतो. कादंबरीत ती हजार वर्षे उरत नाहीत. सारांश, पात्र कथेच्या मध्यापासून जितके दूर, तितका पुढच्या लेखकाचा हात मोकळा.

मोकळ्या जागेचा तिसरा प्रकार सर्वांच्या पाहण्यातला आहे. पांडवांचा वनवास बारा वर्षांचा. एवढ्या काळात ते कुठे कुठे फिरले असतील याचा पत्ता लोकांनी आपापल्या गावापर्यंत आणून पोचविला. पन्हाळ्याजवळ मसाई पठाराच्या अंगाला बौद्ध लेणी आहेत. लोक त्यांना पांडवदरा म्हणतात. महाराष्ट्रात अशी ठिकाणे कितीतरी सापडतील. कथेत प्रवास असला आणि त्याचा तपशील नसला, की गावोगावची माणसे त्यात आपले गाव घालतात.

इतिहासाचे तसे नाही. तेथे तारखा आणि कागद पहाऱ्यास उभे असतात. १६६० च्या जुलैत शिवाजीमहाराज सिद्दी जौहराचा वेढा भेदून पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, यात कोणी बदल करू शकत नाही. शिवा काशीद महाराजांचे सोंग घेऊन पालखीत बसला तेव्हा त्याच्या मनात काय आले, एवढीच जागा लेखकाच्या वाट्याला येते. देसाईंच्या 'स्वामी'चा शेवट वाचकाला आधीच ठाऊक असतो : माधवराव १७७२ साली थेऊरला जाणार. म्हणून त्या कादंबरीची ओढ पुढे काय होते यात नसून ते माणसांवर कसे ओढवते यात आहे.

आता मुलांच्या जपानी मालिकांकडे वळू. टोकियोत १९७५ च्या डिसेंबरात रसिकांनी स्वतः काढलेल्या पुस्तिकांचा बाजार प्रथम भरला. कोमिकेट हे त्याचे नाव, आणि तो आजही भरतो. तेथील लेखनातही आपल्याकडचाच नियम दिसतो. 'कॅप्टन त्सुबासा' ही फुटबॉल खेळणाऱ्या मुलांची मालिका १९८३ साली दूरचित्रवाणीवर आली. तिच्यात खेळाडू पुष्कळ, चुरस पुष्कळ, पण सामना संपल्यावर ही मुले कशी जगतात याला जागा थोडी. त्या दशकाच्या मध्यास तिच्यावर पुस्तिकांचे पीक आले. त्या काढणाऱ्यांत तरुण स्त्रियांचा भरणा होता आणि विषय होता मुलांचे परस्परांशी असलेले नाते. कर्णकादंबऱ्यांसारखीच ही रीत : दाटीतल्या माणसांना अंतःकरण देणे.

'निऑन जेनेसिस इव्हॅन्जेलियन' ही १९९५-९६ सालची २६ भागांची मालिका. तिच्या अखेरच्या दोन भागांत बाहेरची लढाई बाजूला राहिली आणि नायकाच्या मनाचीच चिकित्सा चालली. कथा लोंबकळत राहिली. साहजिकच रसिक नवे शेवट लिहू लागले. खुद्द निर्मात्यांनीही १९९७ साली चित्रपट काढून दुसरा शेवट दाखविला. 'नारुतो'त तर गुप्त विद्या जाणणाऱ्या योद्ध्यांची गावेच्या गावे आहेत. दर कुळाची विद्या निराळी. असे नियमबद्ध जग मिळाले की मुलगा त्यात आपले नवे गाव, नवे कूळ, नवा योद्धा घालतो. पांडवदऱ्याला नाव देणाऱ्या गावकऱ्याने याहून वेगळे काय केले?

मात्र या लेखनात एक धोका आहे आणि तो सांगितल्यावाचून विषय पुरा होणार नाही. फांदी दाट झाली की खोड दिसेनासे होते. स्वयंवरात द्रौपदीने सूतपुत्र म्हणून कर्णाला झिडकारले, हे आपण धरूनच चालतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुरी केली. तिच्या मुख्य संहितेत तो नकार नाही, तो पाठभेदांत तळाशी गेला आहे. उलट द्यूतसभेत द्रौपदीची वस्त्रे काढून घ्या असे सांगणारा कर्णच होता, हे संहितेत असूनही आपल्या सहज आठवणीत राहत नाही. कर्णावर अन्याय झाला हे खरे. पण त्याच्या दुःखाशी समरस होता होता सभेत उभ्या असलेल्या त्या स्त्रीवरचा अन्याय आपल्या नजरेतून निसटला, तर ते वाचन अपुरे म्हटले पाहिजे. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये मूळ संहितेकडे परत जाऊन या माणसांकडे पाहिले, त्याचे महत्त्व एवढ्यासाठीच.

म्हणून घरात मुलाने अशी कथा लिहिलेली आढळली तर वही हिसकावून घेऊ नये. त्याला दोन गोष्टी विचाराव्या. मूळ कथेत तुला काय कमी वाटले? आणि ते भरताना मूळचे काय तू झाकलेस? पहिल्याचे उत्तर देता आले तर त्याने कथा लक्ष देऊन पाहिली आहे असे समजावे. दुसऱ्याचेही देता आले, तर तो लेखनाच्या वाटेला लागला आहे. हे दोन प्रश्न 'मृत्युंजय' हाती घेताना आपण स्वतःलाही विचारावेत, आणि उत्तर सापडले नाही तर महाभारत उघडावे.