सेल्फीत आपण आपल्यासारखे का दिसत नाही?

आजचा भाग छोटा आहे, पण सुरुवात घरातूनच करतो.

आजोबा गेले तेव्हा हार घालायला धड फोटोच सापडेना. शेवटी चुलत भावाने त्यांच्यासोबत काढलेला सेल्फी क्रॉप करून मोठा केला. एकदम शार्प. आजीने बघितला आणि म्हणाली, "हे ते नाहीत रे." मला वाटलं, कॅमेरा कशाला खोटं बोलेल?

पण बोलतो! गणित करून बघा. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण १२ सेंटिमीटर मागे असतात. फोन नाकापासून ३० सेंटिमीटरवर धरला, तर कान ४२वर. म्हणजे नाकाच्या मानाने कान जवळजवळ २९ टक्के लहान दिसतात. फोन दीड मीटरवर नेला, की हाच फरक ७ टक्क्यांवर येतो. लेन्स बिघडलेली नसते, आपण फार जवळ असतो. आजीने मात्र आजोबांना आयुष्यभर समोरच्या खुर्चीत बसलेलं बघितलं होतं.

बरं, अंतर जमलं म्हणजे झालं का? आधार कार्डावरचा फोटो आठवा! फेस अनलॉकला मापं पुरतात, आपल्याला नाही. आर. के. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रात इंदिरा गांधींचं नाक केवढं लांब! मापं चुकलेली, तरी ओळख पटते. कारण चेहऱ्यात इतरांपेक्षा वेगळं काय आहे, ते आपण लक्षात ठेवतो. पोर्ट्रेट काढणारा चित्रकार तेच शोधत तासन्‌तास समोर बसतो. तेवढ्यात माणूस बोलतो, हसतो, कंटाळतो. त्या सगळ्यातून एक चेहरा कागदावर येतो. फोन फक्त एक क्षण पकडतो.

शेवटी आत्याच्या लग्नाच्या अल्बममध्ये एक फोटो मिळाला. पंगतीत आजोबा, चष्मा नाकावर घसरलेला, काचांच्या वरून बघतायत. थोडा ब्लर आहे. आजी म्हणाली, "हां, आता ओरडतील बघ." तोच भिंतीवर लावलाय.

तर या रविवारचा होमवर्क: घरातल्या मोठ्यांचा फोटो काढा. दीड-दोन मीटर मागे सरका, २ एक्स झूम करा. "स्माइल" म्हणू नका, गप्पा मारा आणि दहा-बारा काढा. त्यातला खरा कोणता, ते मात्र तुम्ही ठरवू नका. त्यांच्यासोबत रोज राहणाऱ्या माणसाला विचारा.

भेटू पुढच्या भागात!