एकच सॉफ्टवेअर, पण भाषा ज्याची त्याची

माळशिरसच्या एका पतसंस्थेतल्या मित्राचा फोन: "मराठी निवडलं की रकमासुद्धा मराठी आकड्यांत का येतात रे?"

ब्राउझर हे युनिकोडच्या सीएलडीआर या माहितीसाठ्यातून ठरवतो. त्यात मराठीचे ठरलेले आकडे देवनागरी आहेत, हिंदीचे मात्र इंग्रजी! म्हणून मराठीत १२,३४,५६७ असं दिसतं. इंग्रजी आकडे हवेत तर भाषेच्या कोडला 'यू-एनयू-लॅटन' जोडायचं. प्रश्न नुसता दिसण्याचा नाही. जावास्क्रिप्ट '१२३' ला संख्या मानतच नाही.

एका सर्व्हरवर अनेक संस्था असल्या की कोणाची भाषा आधी धरायची, याचा क्रम ठरवावा लागतो. २०२० मध्ये सुरू झालेलं ई-ग्रामस्वराज बघा, देशभरच्या ग्रामपंचायती एकाच पोर्टलवर. माझ्या मते आधी वापरणाऱ्याची निवड, मग संस्थेची, मग ब्राउझरची.

भाषांची सरमिसळ होते का ते तपासायला दोन संस्था उघडा, एक मराठीत, एक इंग्रजीत, आणि आळीपाळीने रिफ्रेश मारा. कॅशच्या, म्हणजे सर्व्हरने साठवून ठेवलेल्या पानांच्या, की मध्ये संस्था आणि भाषा दोन्ही नसतील, तर शेजाऱ्याचा मेनू आपल्याकडे येतो.

रात्री आपोआप जाणारे एसएमएस हमखास विसरले जातात. तिथे ब्राउझरच नसतो, भाषा सभासदाच्या नोंदीतूनच घ्यावी लागते.

तुमचं कुठे अडलंय? कमेंटमध्ये विचारा.