नाव विसरलेली बाई

घरातली म्हातारी जेवून उठते आणि घटकाभराने म्हणते, "मला कुणी जेवायलाच दिलं नाही." सून चिडते. कुणी म्हणते ढोंग आहे, कुणी म्हणते बाहेरची बाधा आहे. पण हा मेंदूचा आजार असू शकतो. तो कसा कळला, ते आपण पाहू.

जर्मनी देशात फ्रँकफुर्ट शहरी वेड्यांच्या इस्पितळात अल्झायमर नावाचे डॉक्टर होते. १९०१ साली तिथे ऑगुस्टे नावाची बाई आणली. वय अवघे ५१. डॉक्टरांनी विचारले, "नवऱ्याचे नाव काय?" तिने आपलेच नाव सांगितले. आपल्याकडे बायका नवऱ्याचे नाव घ्यायला लाजतात, तसे हे नव्हे. तिला खरोखर सांगता येईना. ताटात फ्लॉवर नि मांस होते. काय खातेस म्हटले, तर म्हणाली पालक. नाव लिहायला कागद दिला. 'श्रीमती' एवढे लिहिले आणि पुढचे विसरली. डॉक्टर हे सारे जसेच्या तसे टिपून ठेवत.

पुढे डॉक्टर म्युनिक शहरी गेले, पण बाईला विसरले नाहीत. १९०६ साली ती वारली, तेव्हा त्यांनी तिचा मेंदू तपासायला मागवून घेतला. त्याच्या अगदी पातळ चकत्या कापल्या, चांदीच्या क्षाराने रंगवल्या आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखाली धरल्या. आपल्या मेंदूत बारीक बारीक पेशी असतात. आठवण त्यांच्यामुळे राहते. बाईच्या पुष्कळ पेशी मेल्या होत्या. काहींच्या आत सुताचा गुंता व्हावा तसे धागे गुंतले होते. पेशींच्या बाहेर जागोजाग गुठळ्या साचल्या होत्या. मग बिचारीला आठवणार कसे?

त्याच साली डॉक्टरांनी ही माहिती मोठमोठ्या वैद्यांच्या सभेत सांगितली. कुणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही! पुढे १९१० साली त्यांच्या वरिष्ठांनी आपल्या ग्रंथात या रोगाला अल्झायमरचेच नाव दिले. १९१५ साली डॉक्टर वारले. तेही ५१ वर्षांचेच होते.

चष्मा कुठे ठेवला हे आम्हीही विसरतो. तो रोग नव्हे. पण रोजची वाट चुकू लागली, घरची माणसे ओळखू येईनात, तर दवाखान्यात दाखवावे. कधी कधी कारण दुसरेच निघते आणि औषधाने बरे होते. अल्झायमरचा रोग मात्र पुरता बरा करणारे औषध अजून नाही. अशा माणसावर रागावून उपयोग नाही. बोललेले ते विसरते, पण मनाला लागायचे ते लागतेच.

ऑगुस्टेचे कागद पुढे कितीतरी वर्षे कुणाला सापडत नव्हते. १९९५ साली ते फ्रँकफुर्टलाच सापडले. त्यांत डॉक्टरांची टिपणे होती आणि तिने नाव लिहायची खटपट केलेला कागदही होता.