दाराच्या वरच्या आणि खालच्या कडा

पावसात दार चौकटीला घासू लागलं की सुताराला बोलावून कडेवर रंधा मारून घ्यायचा, असा सरसकट समज आहे. दार तेवढ्यापुरतं सुटतं आणि मार्चमध्ये तिथेच फट दिसू लागते. लाकूड हवेतला ओलावा घेऊन फुगतं आणि कोरड्या हवेत आक्रसतं, तेही रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून आधी बिजागरीचे स्क्रू तपासावेत, कारण बऱ्याचदा दार फुगलेलं नसतं, झुकलेलं असतं. खरोखर फुगलं असेल तर घासतं तिथे पेन्सिलीने खूण करावी, दिवाळीनंतर लाकूड सुकलं की बेताने रंधा मारावा आणि उघडी पडलेली कड लगेच पॉलिशने बंद करावी.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज वेगळाच आहे: दोन्ही बाजू चकाकल्या की काम संपलं. दाराच्या उभ्या पट्ट्यांची टोकं वर आणि खाली उघडी असतात. लाकडातल्या सूक्ष्म नळ्यांची तोंडं तिथेच असल्यामुळे सपाट पृष्ठभागापेक्षा कितीतरी वेगाने पाणी तिथून आत शिरतं. न्हाणीघराचं दार खालून कुजतं ते यामुळेच. दार बिजागऱ्यांवरून उतरवून या दोन कडांना दोन-तीन हात द्यायलाच हवेत. कोणी पाहत नसलं तरी रंगाऱ्याकडून ते आग्रहाने करून घ्यावं.

‘सागवानाला काही लागत नाही’ हे अर्धंच खरं. वाळवीला दाद न देणारा असतो तो सागाचा गाभा; बाहेरच्या फिकट लाकडात ती ताकद नसते. उन्हापावसात गाभाही करडा पडतो. शिवाय साग तेलकट असल्याने व्हार्निशआधी थिनरने पुसून घेतलेला बरा.

लाखेचं फ्रेंच पॉलिश आतल्या दाराला फार देखणं दिसतं, पण पाण्याने त्यावर पांढरे डाग उठतात. अंगणाकडच्या दाराला बाहेरच्या वापरासाठीचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशच घ्यावं. जितकं घासावं तितकं चांगलं, असंही नाही: रंगछटा द्यायची असेल तर १८० किंवा २२० नंबरच्या पॉलिशपेपरवर थांबावं. त्याहून गुळगुळीत लाकूड रंग नीट धरत नाही. पेपर नेहमी रेषांच्या दिशेने फिरवावा.

जुना ऑइलपेंट कोरडा घासून काढणं मात्र धोक्याचं, कारण त्यात शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग ओला करून खरवडावा, लहान मुलं आणि गरोदर बाई यांना त्या खोलीपासून लांब ठेवावं.

जवसाचं तेल लावलेली चिंधी निरुपद्रवी वाटते. पण हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेल्या चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. काम झालं की त्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात, नाहीतर झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवाव्यात.