पासपोर्टची वाट जन्मनोंदीतून जाते

पासपोर्ट ही सरकारची मेहेरबानी नव्हे, हे आपल्याकडे न्यायालयाला सांगावे लागले. एप्रिल १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की, परदेशप्रवास हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. तोवर पासपोर्ट कोणाला द्यावा आणि कोणाला नाकारावा, हे ठरवणारा कायदाच नव्हता. निकालानंतर आधी अध्यादेश निघाला आणि २४ जून १९६७ रोजी पासपोर्ट कायदा झाला. हक्क मिळाला, पण तो हातात पडायला पुढची कित्येक वर्षे लागली.

ज्यांनी जुने दिवस पाहिले आहेत त्यांना आजचा फरक सांगायला नको. २०१० मध्ये बंगळुरू आणि चंडीगड भागात पासपोर्ट सेवा केंद्रांचा प्रयोग सुरू झाला आणि २०१२ पर्यंत देशभर ७७ केंद्रे उभी राहिली. तिथे कामाची तीन टप्प्यांत वाटणी झाली. छायाचित्र, बोटांचे ठसे, कागद स्कॅन करणे ही कामे खासगी कंपनीकडे, तर कागदांची पडताळणी आणि मंजुरी सरकारी अधिकाऱ्यांकडे. जानेवारी २०१७ मध्ये म्हैसूर आणि दाहोद येथून टपाल कार्यालयांत केंद्रे उघडू लागली, आणि जिल्ह्याच्या गावातला माणूस मोठ्या शहराच्या खेपेतून सुटला.

तरी माझ्या मते सर्वांत मोठी सुधारणा संगणकाची नाही. ती डिसेंबर २०१६ मधल्या नियमबदलाची आहे. त्याआधी २६ जानेवारी १९८९ नंतर जन्मलेल्यांना जन्मदाखला अनिवार्य होता; त्याऐवजी शाळा सोडल्याचा दाखला, पॅन, आधार असे पर्याय मिळाले. आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव देण्याची मुभा मिळाली. नोटरीची अट जाऊन साध्या कागदावरचे स्वघोषणापत्र चालू लागले. म्हणजे नागरिकाच्या शब्दावर सरकारने विश्वास ठेवला, आणि रांग तिथेच आखूड झाली.

मग आता अर्ज कुठे अडतो? ओळखीपाळखीच्या लोकांचे अर्ज भरून देताना मला वारंवार एकच उत्तर मिळाले : नावात. आपली रीत स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी. अर्जात मात्र रकाने दोनच, नाव आणि आडनाव. वडिलांचे नाव पहिल्या रकान्यात घालायचे की नाही, इथेच घोळ सुरू होतो. आधारवर तिन्ही नावे, पॅनवर दोनच. शाळेच्या दाखल्यावर नाव मराठीत, त्याचे रोमन स्पेलिंग प्रत्येक कचेरीने आपापल्या परीने केलेले. ‘सावंत’ लिहिताना कोणी एक ‘ए’ घालतो, कोणी दोन.

स्त्रियांची अडचण याहून मोठी. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, बँकेत सासरचे. लग्नानंतर पासपोर्टवरचे नाव बदललेच पाहिजे असा नियम नाही, हे अनेकींना कोणी सांगत नाही. बदलायचेच असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा पती-पत्नीचे संयुक्त घोषणापत्र लागते. नूतनीकरणाचेही तसेच. सरकारी भाषेत ते नूतनीकरण नव्हेच. मुदत संपली की नव्या क्रमांकाचे नवे पुस्तक मिळते. काहीच बदल नसेल तर काम मुख्यतः जुन्या पासपोर्टवर भागते. नाव किंवा जन्मतारीख बदलायची म्हटली की खरा प्रवास सुरू होतो.

आता यात दोन नव्या गोष्टींची भर पडली आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचे नाव सरकारी कागदांवर मूल, आई, वडील, आडनाव या क्रमाने लिहायचे ठरले. निर्णय स्वागतार्हच आहे. पण दोन रकान्यांत आता चार शब्द बसवायचे आहेत. दुसरीकडे, फेब्रुवारी २०२५ मधील दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालेल. म्हणजे ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद करताना झालेली चूक त्या मुलाबरोबर थेट विमानतळापर्यंत जाणार.

म्हणून सुधारणेची पुढची पायरी पासपोर्ट केंद्राबाहेर आहे, असे माझे मत आहे. जन्मनोंद करतानाच मराठी नाव आणि त्याचे रोमन स्पेलिंग पालकांना दाखवून, त्यांची सही घेऊन कायम करावे. चार भागांचे नाव दोन रकान्यांत कसे लिहायचे, याची एकच लेखी सूचना राज्य आणि केंद्राने मिळून काढावी. तिसरी गोष्ट केंद्रातलीच. पासपोर्ट नाकारला तर कारण लेखी नोंदवण्याचे बंधन कायद्यात आहे आणि त्यावर अपीलही करता येते. पण अडलेला अर्ज पुष्कळदा नाकारला जात नाही. ‘आणखी कागद आणा’ म्हणून नुसता थांबतो. कोणता कागद, का, आणि त्याऐवजी काय चालेल, हे अर्जदाराला मराठीत लिहून मिळाले तर निम्म्या खेपा वाचतील.

तोवर वाचकांनी एवढे तरी करावे. घरात बाळ आले की बारशाच्या गडबडीतून वेळ काढून जन्मदाखला मिळताच अक्षर न् अक्षर वाचावे. आज महिन्याभरात दुरुस्त होणारी वेलांटी वीस वर्षांनी हाती आलेली नोकरी घालवू शकते.