रेस ट्रॅकवरून थेट सिग्नलला!

'कार्स' सिनेमा पाहिलाय ना? पिक्सारचा, २००६ चा. त्यातले ते खडूस डॉक्टर आठवतात? गडद निळी जुनी गाडी, पॉल न्यूमनच्या आवाजात बोलणारी? ते कॅरेक्टर हवेतून आलेलं नाही. ती गाडी म्हणजे हडसन हॉर्नेट. १९५२ च्या नॅसकार सीझनमध्ये ३४ रेस झाल्या, त्यातल्या २७ हॉर्नेटने मारल्या. उरलेल्या सात बाकीच्यांनी वाटून घ्यायच्या!

आमच्या दादाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, तशी एक गाडी घरच्या गॅरेजमध्ये बनवली आहे. दारावर ९२ नंबर, बाजूला हाताने रंगवलेली 'फॅब्युलस हडसन हॉर्नेट' ही अक्षरं, आणि तरीही रीतसर नंबरप्लेट लावून रस्त्यावर धावणारी. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी त्याच्याकडे गेले होते, डेट्रॉइटजवळ नोव्हायला. निघण्याआधी वहिनीचा फोन आला होता, "येताना चकल्या आण, आणि प्लीज गाडीचा विषय काढू नकोस." विषय काढावा लागलाच नाही. एअरपोर्टवरून घरी पोचेपर्यंत दादाने दुसरा विषयच येऊ दिला नाही.

स्टॉक म्हणजे काय रे भाऊ?

मलाही आधी माहीत नव्हतं. स्टॉक कार म्हणजे शोरूमच्या स्टॉकमधली गाडी. जशी विकत मिळते तशी. १९ जून १९४९ ला शार्लटमध्ये नॅसकारची अशा गाड्यांची पहिली रेस झाली. फोर्डमधून पहिला आलेल्या ग्लेन डनवेला नंतर बाद केलं, कारण गाडीच्या मागच्या स्प्रिंग कंपनीच्या नव्हत्या. चोरट्या दारूचं वजन पेलावं म्हणून त्या कडक करून घेतल्या होत्या! मग जिंकलं कोण? तर जिम रोपर. हा पठ्ठ्या कॅन्सासहून लिंकन गाडी चालवत आला होता आणि त्याच गाडीने रेसमध्ये उतरला. तेव्हा लोक दारं पट्ट्याने बांधायचे, हेडलाइटवर चिकटपट्टी लावायचे आणि सुटायचे.

आज नॅसकारच्या गाड्यांना हेडलाइट नसतात, हेडलाइटचे स्टिकर असतात. दार उघडत नाही, खिडकीतून आत शिरायचं. स्टॉक फक्त नावात उरलाय. म्हणून मला दादाचा उद्योग भन्नाट वाटला. बाकीचे लोक साध्या गाडीला रेसर बनवतात. हा रेसरला पुन्हा रस्त्यावर आणत होता, जिथून ती मुळात निघाली होती.

नोव्हायहून तासाभराच्याही आत इप्सिलँटी नावाचं गाव लागतं. तिथे जुन्या हडसन डीलरच्या जागेत मोटार म्युझियम आहे आणि त्यात हर्ब थॉमसची खरी ९२ नंबरची हॉर्नेट उभी आहे. थॉमस मूळचा नॉर्थ कॅरोलायनाचा शेतकरी गडी, १९५१ आणि १९५३ चा नॅसकार चॅम्पियन. दादा तिथे वहिनीला घेऊन फिरायला गेला आणि, वहिनीच्या शब्दांत, "तिथेच आमचं वाटोळं झालं."

हॉर्नेट जिंकायची कशामुळे? इंजिन दणकट होतंच, पाच लिटरचं, सहा सिलिंडरचं. पण खरी करामत बॉडीची. इतर गाड्यांत तुम्ही चासीच्या वर बसता. हडसनमध्ये जमीन चासीच्या दोन बाजूंमध्ये खाली सोडलेली, त्यामुळे पायरी उतरल्यासारखं आत उतरावं लागतं. अख्खी गाडी बुटकी, वळणावर झुकत नाही. त्यात कंपनीचीही चलाखी. नियम असा की पार्ट शोरूमचेच हवेत. मग विन्स पिगिन्स नावाच्या इंजिनिअरच्या टीमने रेसिंगचे मजबूत पार्ट काढले आणि 'सिव्हिअर युसेज', म्हणजे खडतर वापरासाठी, अशा नावाने काउंटरवर विकायला ठेवले. झाले स्टॉक!

दादाला तेव्हा दोन कूपे मिळत होत्या. एक चकाचक, आतलं कापडसुद्धा मूळचं. दुसरी शेतातल्या शेडमध्ये सडलेली. साहजिकच वहिनी म्हणाली, चांगली घे. दादाने सडकी घेतली. "सत्तर वर्षं टिकलेली गाडी मी रोल बार वेल्ड करायला कापू? पाप लागेल." मला हे पटलं, पण बिल मी भरत नव्हते. जमीन आणि चासीच्या बाजू कापून नवीन पत्रा वेल्ड करण्यात त्याचे दोन हिवाळे गेले. बॉडी आणि चासी एकजीव असल्याने तिथला गंज म्हणजे गाडीचा कणाच गेला म्हणा ना.

काका येतात

तिसऱ्या वर्षी काका आले, म्हणजे दादाचे बाबा. तुमच्यापैकी ज्यांचे आईबाबा सहा महिने अमेरिकेत राहून आलेत त्यांना सीन माहीत आहे. पहिला आठवडा कौतुक, दुसऱ्या आठवड्यापासून 'इथे बोलायला कुत्रं नाही'. काका पिंपरीच्या कारखान्यात ३४ वर्षं फिटर होते. मुलाने कॉम्प्युटरवर गाड्यांची डिझाइन करायची, हात काळे करायचे नाहीत, ही त्यांचीच इच्छा. आणि तोच मुलगा सगळं शिकून आता गॅरेजमध्ये ग्रीस फासून बसलेला! आठ दिवस काका दारात उभे राहून नुसते बघत होते. नवव्या दिवशी म्हणाले, "अरे, पाना उलटा धरलायस."

मग काय, वहिनीला दोघांना जेवायला हाका मारत बसावं लागायचं. हडसनचा क्लच उघडला तेव्हा आत बुचाचे तुकडे बसवलेली प्लेट निघाली, तेलात बुडालेली. "क्लचमध्ये बुचं?" काका हसत सुटले, पण चालवून बघितल्यावर म्हणाले, लोण्यासारखा आहे. दोन कार्ब्युरेटर जुळवताना दादा मीटर मागवणार होता. काकांनी रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरलं, दोन्हीकडचा फुसकारा सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवला. वीस मिनिटांत काम फत्ते.

भांडण झालं ते ब्रेकवरून. त्या काळी ब्रेकचं तेल चारही चाकांना एकाच लाइनने जायचं. कुठेही गळती झाली की चारही ब्रेक गेले. हडसनवाल्यांनी म्हणून एक तोड ठेवली होती. पेडल प्रमाणाबाहेर खाली गेलं तर एक केबल ओढली जाते आणि मागची चाकं धरली जातात. दादाला हे सगळं काढून पुढे डिस्क ब्रेक बसवायचे होते. काका म्हणाले, "डोकं असलेल्या माणसाने हे केलंय, काढायचं नाही." चार दिवस अबोला. शेवटी डिस्कचा बेत पुढच्या वर्षावर गेला आणि केबल राहिली. खरं सांगू? मला दादाचंच बरोबर वाटत होतं.

कायद्याचं प्रकरण मात्र आपल्या मानाने सोपं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बदल चालत नाही, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच उचलून धरलं. मिशिगनमध्ये गाड्यांची दरवर्षी तपासणी नसते. २५ वर्षांहून जुन्या गाडीला ऐतिहासिक प्लेट मिळते, अट एवढीच की ती मिरवणूक, प्रदर्शन, क्लबच्या ट्रिप अशा कामांपुरती चालवायची, रोजच्या वापरासाठी नाही. अपवाद फक्त ऑगस्टचा. त्या महिन्यात कुठेही न्या, खुशाल दूध आणा!

पण रेसर रस्त्याला लावायचा म्हणजे तडजोडी आल्याच. सरळ पाइप काढून सायलेन्सर. हेडलाइटवरची चिकटपट्टी गेली. साइड इंडिकेटर आले, जे १९५२ मध्ये जास्तीचे पैसे दिले तरच मिळायचे. आजच्या रेसरसारखा पूर्ण पिंजरा नाही, सीटमागे एकच रोल बार आणि त्यावर जाड फोम. ट्रॅकवर डोक्याला हेल्मेट असतं. रस्त्यावर नसतं, तिथे तोच लोखंडी पाइप कवटी फोडू शकतो. आणि डॅशबोर्डखाली एक पितळी पट्टी: ही प्रतिकृती आहे, थॉमसची गाडी नव्हे. सिग्नलला लोक विचारतातच, "खरी का?" दादा प्रत्येक वेळी "नाही" म्हणतो. मागे बसलेले काका प्रत्येक वेळी तोंड पाडतात.

वुडवर्ड अव्हेन्यू, शनिवार दुपार

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, वुडवर्ड ड्रीम क्रूझ. १९९५ पासून. फुटपाथवर खुर्च्या टाकून लोक बसलेले. मी पुढे, काका मागे. ऊन, पेट्रोलचा वास, आणि सिग्नल लाल.

दादाने ब्रेक दाबला. पेडल गेलं. म्हणजे खाली, सरळ जमिनीकडे. समोर एका लाल कन्व्हर्टिबलमध्ये मागच्या सीटवर दोन लहान मुलं उभी राहून आमच्याकडे बघून हात हलवत होती. मी काहीतरी ओरडले. दादाने पाय आणखी दाबला, खाली खटकन काहीतरी लागलं, मागची चाकं करकरली आणि दीड टनाची हॉर्नेट थांबली. मधलं अंतर माझ्या हाताएवढं असेल. मुलं अजून हात हलवत होती.

कोणी काही बोललं नाही. मग मागून काका म्हणाले, "हँडब्रेक ओढ."

घरी टो ट्रकवरून आलो. मागच्या डाव्या चाकाचा व्हील सिलिंडर गळत होता, एका दुकानातून रिबिल्ड करून आणलेला. रात्री साडेअकराला ड्रम उतरवून दोघं टॉर्च लावून बघत बसले. दादाने तिथेच फोनवरून दोन लाइनचा मास्टर सिलिंडर ऑर्डर केला, म्हणजे एक लाइन फुटली तरी दुसरी चालेल. काकांना दाखवला. "लाव," ते म्हणाले. "केबल?" दादाने विचारलं. काकांनी नुसतं बघितलं.

वहिनी खाली आली, चाकाकडे पाहिलं, ड्रमकडे पाहिलं. गाडीचा विषय तिने काढला नाही. चकल्यांचा डबा टूलबॉक्सवर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, हात धुऊन घ्या."