सोबत कोण आले आहे?

बायकांच्या डॉक्टरांकडे गेल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘लग्न झालंय का?’ दुसरा, ‘मुलं किती?’ आणि ऑपरेशनचे निघाले की तिसरा, ‘सोबत कोण आलंय?’ बहुतेक जणींना यात काही वावगे वाटत नाही. पण जिचा जीव पुरुषावर नाही, एका बाईवर जडला आहे, तिला या प्रश्नांची खरी उत्तरे देता येत नाहीत. आणि उत्तर खोटे दिले की पुढची तपासणीही त्या खोट्या उत्तरावरच होते.

हा विषय आपल्या पानात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. अशा बायका मुंबई-पुण्यात असतात, आपल्याकडे नाहीत, असाही समज आहे. म्हणून आज मुद्दाम दोन लहान गावे डोळ्यांसमोर ठेवू, पांढुर्णा आणि सौंसर. महाराष्ट्राच्या सीमेला लागून मध्य प्रदेशात हे दोन तालुके आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळे काढून त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. आपल्याकडे घरात मराठी आणि कचेरीत कन्नड, तसे तिकडे घरात मराठी आणि कचेरीत हिंदी. संत्र्याच्या बागा, पोळा, भुलाबाई, सगळे वऱ्हाड-नागपूरसारखेच. आजार मोठा निघाला की आपण मिरज किंवा हुबळी गाठतो, ते नागपूर गाठतात. गाव लहान असल्याने केसपेपर लिहिणारा माणूस कुणाचा तरी भाचा असतोच. दवाखान्यात खरे बोलायची भीती वाटते ती इथूनच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार होते. दरवर्षी शेकड्यांनी माणसे दगड लागून जखमी होतात आणि नदीकाठच्या तात्पुरत्या दवाखान्यांत त्यांना मुकाट्याने टाके घातले जातात. डोके फुटलेल्याला ‘तुझं लग्न झालंय का’ असे कुणी विचारत नाही!

या बायकांसाठी आपल्या दोन्ही भाषांत घरात बोलता येईल असा शब्द नाही. मराठीत ‘समलिंगी’, कन्नडमध्ये ‘सलिंगी’, दोन्ही वर्तमानपत्री. ‘मैत्रीण’ आणि ‘गेळती’ हे शब्द मात्र गोड आहेत आणि अशा जोड्या बहुधा त्याच शब्दांच्या आडोशाला राहतात. मराठी रंगभूमीने हा विषय १९८१ मध्येच आणला होता, तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये. मध्य प्रदेशातही ही गोष्ट नवी नाही. भोपाळला पोलीस दलात असलेल्या लीला नामदेव आणि उर्मिला श्रीवास्तव यांनी १९८७ मध्ये एकमेकींशी लग्न केले. १९८८ मध्ये त्याचा गाजावाजा झाला आणि दोघींची नोकरी गेली.

‘लग्न नाही’ म्हणजे तपासणी नाही?

खेड्यात बाईची आणि सरकारी दवाखान्याची गाठ बाळंतपणात पडते. आशाताई घरी येते ती दिवस गेले म्हणून, नाहीतर लसीकरणासाठी. जिला मूल नाही ती या वाटेवर येतच नाही. पाळीची तक्रार घेऊन गेलीच, तर ‘लग्न नाही’ म्हटल्यावर आतली तपासणी टाळली जाते. डॉक्टर हे संकोचाने करतात, काही वेळा काळजीनेही करतात, पण परिणाम व्हायचा तो होतोच.

गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचे उदाहरण घ्या. तो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हा विषाणू त्वचेच्या संबंधातून पसरतो, त्यामुळे बाईकडून बाईलाही तो लागू शकतो. शिवाय आपल्याकडे अशा कितीतरी जणींची आधी पुरुषाशी लग्ने लावून दिलेली असतात. लागण झाल्यापासून कॅन्सर होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात, म्हणजे वेळेवर पाहिले तर तो टळतो. आपल्या शेजारच्या उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांवर बायकांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू निम्म्याच्या आसपास आले, असे त्यात दिसले. सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर दर ५ वर्षांनी व्हिनेगरसारखे द्रावण लावून तपासणी केली जाते, तीही फुकट. त्यासाठी नवरा असण्याची अट नाही. दोघी राहत असतील तर दोघींनी ती करून घ्यावी. अंगावरून पांढरे जाणे, वास येणे, खाज येणे अशी तक्रार एकीला असेल तरी दुसरीनेही दाखवावे, कारण काही संसर्ग एकीकडून दुसरीकडे जातात. मूल न झालेल्या बाईला स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कॅन्सरचा धोका थोडा अधिक असतो, तेव्हा गाठ लागली तर वाट पाहू नये.

डॉक्टरांना खरे सांगायचे का? सांगितले तर उपचार नीट होतो. रुग्णाने सांगितलेली गोष्ट बाहेर न सांगण्याचे बंधन डॉक्टरवर आहे, २००२ च्या आचारसंहितेत ते लिहिलेले आहे. सौंसरमध्ये सांगायला धीर होत नसेल तर नागपूरला सांगावे, पण सांगावे.

सही कुणाची?

आता तिसरा प्रश्न. समजा, सौंसरची एक चाळिशीतली बाई गर्भाशयातल्या गाठीच्या ऑपरेशनसाठी नागपूरला आली. पंधरा वर्षे जिच्याबरोबर संसार केला ती मैत्रीण शेजारी उभी आहे, आणि काउंटरवरून ‘नातेवाईक आणा’ असे सांगतात. कायदा असा आहे की शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईच्या ऑपरेशनला तिची स्वतःची संमती लागते. दिल्लीत १९९५ मध्ये एका ४४ वर्षांच्या अविवाहित बाईला तपासणीसाठी भूल दिलेली असताना तिच्या आईची सही घेऊन गर्भाशय काढून टाकले गेले. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घाईचा जिवावरचा प्रसंग नव्हता, तेव्हा आईची संमती तिच्या संमतीच्या जागी चालणार नाही. हा निकाल प्रत्येक काउंटरवर टांगून ठेवावा असा आहे.

बेशुद्ध पडल्यावर मात्र पंचाईत होते. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने असे संबंध गुन्हा नाहीत असे ठरवले, पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात लग्नाचा हक्क दिला नाही. त्यानंतर ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने काही खुलासे केले. जोडीदारांना रेशनकार्डावर एका कुटुंबात धरावे, बँकेत जोडखाते उघडता येते आणि एकमेकींना वारस नेमता येते, जवळचे नातेवाईक नसतील तर मृतदेहाचा ताबा जोडीदाराला मागता येतो. शेवटची सोय वाचून मन खिन्न होते, तरी ती आहे हे माहीत असलेले बरे. मानसिक आजाराच्या बाबतीत कायदा अधिक उदार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे कुणीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकते, आणि तो नातेवाईकच असावा अशी सक्ती नाही.

आईबापांसाठी

या मुलींना सर्वांत जास्त औषध लागते ते मनाला, आणि बहुतेकदा दुखणे घरातूनच आलेले असते. स्थळे बघण्याची घाई सुरू होते, मोबाइल काढून घेतात, खोलीत कोंडतात. मग कुणीतरी ‘बाहेरचे’ असल्याचे सुचवते. सौंसरजवळ जामसावळीच्या हनुमानाला लोक बाधा उतरवण्यासाठी माणसे घेऊन येतात. देवदर्शनाला कुणाची ना नाही, पण मुलीचे मन मुलीवर बसणे ही बाधा नव्हे आणि आजारही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच ते आजारांच्या यादीतून काढले. ‘औषधाने बदलून देतो’ म्हणणारा डॉक्टर भेटला तर उठून यावे. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अशा उपचारांना गैरवर्तन ठरवले असून त्याची तक्रार राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे करता येते.

मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे २५ वर्षांच्या एका मुलीचे प्रकरण आले. घरच्यांनी तिला कोंडले, मारले, ‘नीट’ व्हावी म्हणून विधीही केले होते. न्यायालयाने तिला मैत्रिणीबरोबर जाऊ दिले आणि लग्न हाच कुटुंब होण्याचा एकमेव मार्ग नाही, असे म्हटले. तिची आई कोर्टात हजर होती. त्या माउलीचेही वाईट वाटते, कारण तिला समजावून सांगणारे आधी कुणी भेटले नसावे.

असे समजावून सांगणारे आता फोनवर आहेत. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत चालते आणि तिची मुख्य संस्था बेंगळुरूची निम्हान्स आहे. मराठी, कन्नड, हिंदी यांपैकी हवी ती भाषा निवडून बोलता येते आणि फोन आईने केला तरी चालतो. मुंबईत ‘लेबिया’ हा अशा बायकांचाच गट १९९५ पासून आहे. पांढुर्ण्याहून मुंबई लांब खरी. जवळच्या दवाखान्यात मुलीबरोबर जायला मात्र आई पुरेशी आहे, आणि आत बोलावले की मैत्रिणीलाही आत येऊ द्या, एवढे तिने डॉक्टरांना सांगावे.